आशिया खंडातील सर्वांत मोठे... कशात?



आपल्याकडे पाहुणा आला की त्याला 'आशिया खंडातील सर्वांत मोठे' असे काहीतरी दाखवल्याशिवाय परत पाठवायचे नाही, अशी रीतच आहे. लासलगावकर कांद्याची बाजारपेठ दाखवतात. मुंबईकरांकडे १८५३ सालची आशियातील पहिली आगगाडी आहे आणि १८७५ चा सर्वांत जुना शेअर बाजार. आम्ही अंबडकर पाहुण्याला पैठणला नेतो आणि सांगतो, "हे आशियातील सर्वांत मोठे मातीचे धरण!" 'जगातील' म्हणायला जीभ अडखळते आणि 'महाराष्ट्रातील' म्हटले तर अगदीच थोडे वाटते. त्यामुळे आशिया खंड बरोबर मापाचा पडतो.

शाळेत शिकवत असताना मुलांच्या वहीत हे वाक्य आले की मी समासात लाल शाईने एकच शब्द लिहीत असे : 'कशात?' उंचीत, लांबीत, वयात की नुसते ऐकिवात? हा एक शब्द हातात घेऊन अंबडहून एका दिवसात जाऊन येता येईल अशी तीन ठिकाणे आज पाहू या.

आधी लोणार. तेथील खड्ड्याचा व्यास सुमारे १.८ किलोमीटर. व्यासात मोठा म्हणावा, तर याच आशिया खंडात सैबेरियातील पोपिगाय विवर शंभर किलोमीटरच्या घरात आहे. त्याच्यापुढे लोणार म्हणजे परातीपुढे वाटी. मग लोणारचे मोठेपण कशात? तर ते बसाल्ट खडकात, म्हणजे आपल्या काळ्या पाषाणात, पडलेले आणि अजून नीट टिकलेले आघाती विवर आहे. असे पृथ्वीवर फार दुर्मीळ. चंद्रावर मात्र बसाल्टवर अशी विवरे भरपूर, म्हणून चंद्राचा अभ्यास करणारे लोणारला येतात. १८२३ मध्ये अलेक्झांडर नावाच्या इंग्रज अधिकाऱ्याने त्याची नोंद केली. पुढे दीडशे वर्षे बरेच लोक त्याला ज्वालामुखीचे मुख समजत. १९७३ मध्ये उल्केच्या आघाताचा पुरावा पुढे आला. वय बरीच वर्षे सुमारे ५२ हजार वर्षे सांगत. २०११ मध्ये प्रसिद्ध झालेल्या मोजणीने ते साडेपाच लाखांच्या पुढे नेले. म्हणजे विवर होते तसेच आहे, बदलली ती आपली मोजपट्टी.

दुसरे वेरूळचे कैलास लेणे. इथे मात्र 'कशात?' या प्रश्नाला खणखणीत उत्तर आहे. एकाच अखंड कातळातून, कळसापासून पायाकडे, इतके मोठे मंदिर दुसरीकडे कोठे कोरलेले नाही. दगडही तोच, लोणारचाच काळा पाषाण. त्याचे थर सुमारे साडेसहा कोटी वर्षांपूर्वी लाव्हारसातून साचले. कातळात सुमारे ८४ मीटर लांब आणि ४७ मीटर रुंद चौक खोदला आणि मध्ये मंदिर उभे ठेवले. बांधकामात दगड चुकला तर बदलता येतो. येथे छिन्नी एकदा जास्त बसली की संपले! राष्ट्रकूट राजा पहिला कृष्ण याच्या कारकिर्दीत, आठव्या शतकात, हे काम झाले. पुढे इसवी सन ८१२ च्या सुमारास दिलेल्या, बडोद्याला सापडलेल्या ताम्रपटात या मंदिराचे वर्णन आहे. ते घडवणारा शिल्पी स्वतःच थक्क झाला, हे आपल्या हातून कसे झाले असे त्याला वाटले, असा त्याचा आशय. राजाचे नाव आहे, शिल्पीचे मात्र नाही. विक्रमांच्या याद्यांचे हे दुखणे फार जुने दिसते.

आता आपले जायकवाडी. नाव पडले बीड जिल्ह्यातील जायकूचीवाडीवरून. निजामाच्या काळात धरणाचा विचार झाला तो तिथला. प्रत्यक्षात धरण झाले पैठणला. १८ ऑक्टोबर १९६५ ला लालबहादूर शास्त्रींनी पायाभरणी केली आणि १९७६ मध्ये इंदिरा गांधींच्या हस्ते उद्घाटन झाले. लांबी सुमारे १० किलोमीटर, उंची सुमारे ४१ मीटर. उंचीत पाकिस्तानातील तरबेला १४३ मीटर, तेही मातीचेच. लांबीत ओडिशातील हिराकुड, मातीचे बांध धरले तर २५ किलोमीटरच्या आसपास. म्हणजे दोन्हीकडे आपला नंबर हुकतो!

पण लांबी एवढी का, हे विचारले की खरी गोष्ट कळते. पैठणजवळ गोदावरीला दोन्ही बाजूंनी डोंगर नाहीत. जमीन सपाट, म्हणून बांध लांबवर घालावा लागला. जमीन सपाट म्हणूनच नाथसागर खोल नाही, पसरट आहे. ताटातले पाणी तांब्यातल्यापेक्षा लवकर आटते, तसे उन्हाळ्यात त्याचे बरेच पाणी वाफ होऊन जाते. आणि एवढ्या पसाऱ्याखाली गेली ती गोदाकाठची काळी कसदार जमीन, घरे, देवळे. ज्यांची गेली त्यांच्या गावांची नावे पाहुण्याला कोणी सांगत नाही.

२०८ किलोमीटरचा डावा कालवा आमच्या अंबड तालुक्यातून पुढे परभणीकडे जातो. त्याच्या पाण्याने इकडची शेती पालटली, हे मी डोळ्यांनी पाहिले आहे. आणि २०१२-१३ च्या दुष्काळात हेच धरण मृतसाठ्यावर आले, जालना जिल्ह्यातील मोसंबीच्या बागा वाळल्या, तेही पाहिले आहे. लेकरासारख्या वाढवलेल्या झाडांवर स्वतःच्या हाताने कुऱ्हाड चालवणाऱ्या माणसाला आशियातील पहिला नंबर काय कामाचा? त्याचा प्रश्न एवढाच, की आवर्तन कधी आणि टेलपर्यंत पाणी पोचणार का. वरच्या आणि खालच्या धरणांनी पाणी न्यायाने वाटून घ्यावे असा २००५ चा कायदा आहे. पण दर टंचाईत भांडण नव्याने उभे राहते.

म्हणून मला वाटते, 'सर्वांत मोठे' म्हणून मोकळे होण्यात आपलेच नुकसान आहे. मोठे म्हटले की पाहणारा मान वर करून "वा!" म्हणतो आणि निघून जातो. 'कशात?' विचारणाऱ्याला दगड, पाणी आणि माणसे दिसू लागतात. मोजमाप अभिमान कमी करण्यासाठी नसते, तो योग्य जागी ठेवण्यासाठी असते.

भाचे-पुतणे मंडळी आणि ब्लॉगवाले मित्रहो, तुमच्या गावात 'आशियातील सर्वांत' काय आहे? जरूर कळवा. फक्त 'कशात' तेवढे लिहायला विसरू नका.