मुक्तिफौजेचे दारिद्र्यनिवारण कार्य

मुक्तिफौज अर्थात साल्व्हेशन आर्मी ही विल्यम बूथ (१८२९–१९१२) व त्यांच्या पत्नी कॅथरीन बूथ (१८२९–१८९०) यांनी लंडनमध्ये उभी केलेली प्रोटेस्टंट मिशनरी संघटना होय. लष्करी धर्तीचे हुद्दे, गणवेश, ध्वज व बँडपथक यांमुळे ती सर्वपरिचित आहे. १८६५ साली पूर्व लंडनमधील धर्मप्रचाराचे एक लहानसे केंद्र म्हणून तिचा आरंभ झाला आणि १८७८ मध्ये तिने आजचे नाव धारण केले. भारतात ती १८८२ साली मुंबईत आली व ‘मुक्तिफौज’ या नावाने ओळखली जाऊ लागली. प्रस्तुत लेखात संघटनेच्या धर्मतत्त्वांपेक्षा अत्यंत हलाखीत जगणाऱ्या कुटुंबांसाठी तिने केलेल्या कार्याचा आणि त्यावरील आक्षेपांचा विचार केला आहे.

पार्श्वभूमी

विल्यम बूथ यांचा जन्म नॉटिंगहॅम येथे झाला. वडिलांचा व्यवसाय बुडाल्यामुळे वयाच्या तेराव्या वर्षी त्यांना गहाणवटीच्या दुकानात उमेदवारीसाठी राहावे लागले. त्या काळी इंग्लंडमधील मजूरवस्तीत रविवारचे ठेवणीतले कपडे सोमवारी गहाण टाकायचे आणि शनिवारी मजुरी हाती येताच सोडवून आणायचे, असा अनेक घरांचा शिरस्ता होता. दारिद्र्य म्हणजे केवळ पैशाचा अभाव नव्हे, तर आठवड्याच्या आठवड्याला फिरणारे चक्र आहे, ही जाणीव बूथ यांच्या पुढील लेखनात वारंवार आढळते. तिचे मूळ या दुकानात शोधणे वावगे ठरणार नाही.

१८४९ मध्ये ते लंडनला आले. काही वर्षे मेथडिस्ट पंथाचे धर्मोपदेशक म्हणून काम केल्यावर १८६१ मध्ये ते त्या संस्थेतून बाहेर पडले व पुढे व्हाइटचॅपल भागात उघड्यावर प्रवचने करू लागले. आरंभी त्यांचा भर आत्म्याच्या उद्धारावरच होता. १८७० नंतर स्वस्त सूप विकणारी काही दुकाने चालविण्यात आली, परंतु ती फार काळ टिकली नाहीत.

त्या काळी निराधार कुटुंबापुढे शेवटचा मार्ग सरकारी ‘वर्कहाउस’चा असे. १८३४ च्या गरिबांविषयीच्या कायद्यानंतर ही व्यवस्था मुद्दाम कठोर ठेवण्यात आली होती. तेथे प्रवेश घेताच नवरा एका विभागात, बायको दुसऱ्यात आणि मुले तिसऱ्यात अशी कुटुंबाची फाळणी होई. त्यामुळे उपासमार पत्करूनही लोक वर्कहाउस टाळत. मुक्तिफौजेच्या कार्याचे मोल आणि त्याच्या मर्यादा, दोन्ही या पार्श्वभूमीवरच समजून घ्यावे लागतात.

गलिच्छ वस्त्यांतील भगिनी

१८८४ च्या सुमारास मुक्तिफौजेतील काही तरुण स्त्रिया लंडनच्या गलिच्छ वस्त्यांत खोल्या घेऊन राहू लागल्या. गणवेश बाजूला ठेवून त्या साधे कपडे व ॲप्रन वापरीत. जमीन घासणे, मुलांना न्हाऊ घालणे, आजाऱ्याजवळ रात्र काढणे, बाळंतिणीकडे पाहणे, घरात मृत्यू झाल्यास प्रेताची व्यवस्था करणे ही त्यांची कामे होती. दरमहा येऊन चौकशी करणाऱ्या आणि ‘लायक’ गरीब कोण, ‘नालायक’ कोण याची नोंद ठेवणाऱ्या तत्कालीन दानशूर मंडळींहून हा प्रकार मुळातच वेगळा होता. याच कामातून पुढे परिचर्येची व प्रसूतिगृहांची शाखा निघाली. बूथ यांच्या मोठ्या योजनांची चर्चा खूप झाली आहे. त्या मानाने या निनावी स्त्रियांच्या कामाकडे अभ्यासकांचे लक्ष उशिरा गेले.

१८८५ साली हरवलेल्या व्यक्तींचा शोध घेण्याचे कार्यही सुरू झाले. कामाच्या शोधात शहरात आलेल्या मुली, परदेशी गेलेले नवरे, दुरावलेली भावंडे यांचा माग काढण्याची ही सेवा अनेक देशांत अद्याप चालू आहे.

‘अंधारातील इंग्लंड’ योजना

१८८७ मध्ये एका रात्री उशिरा लंडन पूल ओलांडताना तेथील कोनाड्यांत झोपलेली माणसे बूथ यांना दिसली व दुसऱ्या दिवशी त्यांनी आपला मुलगा ब्रॅमवेल यास काहीतरी करण्याची आज्ञा दिली, असे मुक्तिफौजेच्या इतिहासात सांगितले जाते. १८८८ च्या आरंभी लाइमहाउस भागात अन्नकेंद्र व निवारा सुरू झाला. १८८९ च्या गोदी कामगारांच्या मोठ्या संपात या केंद्रांनी संपकरी कुटुंबांना स्वस्तात अन्न पुरविले.

ऑक्टोबर १८९० मध्ये बूथ यांचे ‘इन डार्केस्ट इंग्लंड अँड द वे आउट’ हे पुस्तक प्रसिद्ध झाले. त्याच महिन्यात कॅथरीन बूथ यांचे कर्करोगाने निधन झाले होते. लेखनात पत्रकार डब्ल्यू. टी. स्टेड यांचे मोठे साहाय्य होते. पुस्तकाच्या नावात हेन्री स्टॅन्ले यांच्या त्याच वर्षीच्या आफ्रिकेवरील ग्रंथाचा प्रतिध्वनी आहे. अंधार शोधण्यासाठी आफ्रिकेत जाण्याची गरज नाही, असा त्याचा रोख होता. चार्ल्स बूथ यांच्या लंडनच्या पाहणीचा आधार घेऊन देशातील सुमारे तीस लाख लोक, म्हणजे लोकसंख्येचा दहावा हिस्सा, गटांगळ्या खात असल्याचे त्यात मांडले होते. (चार्ल्स बूथ व विल्यम बूथ यांचे नाते नव्हते. नामसाम्यामुळे मात्र बराच घोटाळा होतो.)

पुस्तकातील सर्वांत परिणामकारक कल्पना भाड्याच्या गाडीच्या घोड्याची आहे. लंडनमधील असा घोडा रस्त्यात पडला तर चूक कोणाची याची चौकशी न करता त्याला आधी उठविले जाते आणि जिवंत आहे तोवर त्याला दाणापाणी, तबेला व काम मिळते. माणसाला निदान एवढे तरी मिळावे, हे बूथ यांचे मागणे होते. त्यासाठी त्यांनी तीन पायऱ्या सुचविल्या: शहरात अन्न, निवारा व काम, तेथून खेड्यातील शेतवसाहत, आणि अखेरीस समुद्रापारच्या वसाहतींत जमीन. आरंभासाठी त्यांनी एक लाख पौंडांचे आवाहन केले आणि काही महिन्यांतच ती रक्कम जमली.

रोजगार मिळवून देणारी कचेरी १८९० मध्येच सुरू झाली. ब्रिटिश सरकारने अशा कचेऱ्यांचा कायदा केला तो १९०९ साली. एसेक्स परगण्यात टेम्स नदीच्या मुखाजवळ हॅडली येथे १८९१ मध्ये जमीन घेऊन शेती, पशुपालन व वीटभट्ट्या सुरू झाल्या. तेथे आलेले बहुतेक लोक एकटे पुरुष होते. कुटुंबांना सामावून घेण्याचा हेतू तेथे फारसा साधला नाही.

आगपेट्यांचा कारखाना

योजनेतील हा भाग आकाराने लहान, परंतु परिणामाच्या दृष्टीने विशेष महत्त्वाचा ठरला. पूर्व लंडनमधील आगपेट्यांच्या कारखान्यांत पिवळा फॉस्फरस वापरला जाई. त्याच्या वाफेने कामगारांच्या जबड्याचे हाड कुजत असे. १८८८ मध्ये ब्रायंट अँड मे या कंपनीतील सुमारे चौदाशे मुली व स्त्रियांनी संप केला. त्यांची दुःस्थिती वृत्तपत्रातून मांडणाऱ्या ॲनी बेझंट पुढे भारतात आल्या, हे मराठी वाचकांना सांगावयास नकोच. कारखान्याबाहेर आणखी एक थर होता. घरोघरी आई आणि मुले मिळून रिकाम्या पेट्या चिकटवीत. बारा डझन पेट्यांस सव्वादोन-अडीच पेन्स मिळत आणि खळीचा खर्च ज्याचा त्यानेच करावयाचा. चार-पाच वर्षांची मुलेही या कामाला जुंपलेली असत.

१८९१ मध्ये मुक्तिफौजेने ओल्ड फोर्ड भागात स्वतःचा कारखाना उघडला. तेथे निर्धोक तांबडा फॉस्फरस वापरला जाई, खोल्या हवेशीर होत्या आणि बारा डझनांस चार पेन्स दर दिला जाई. वार्ताहर व संसद सदस्य यांना मुद्दाम बोलावून हा कारखाना दाखविण्यात येई. त्याबरोबरच बाहेरील मजुरांची घरेही दाखविली जात.

मात्र या आगपेटीची किंमत अधिक होती. दुकानदार ती ठेवीनात. गिऱ्हाइकांनी प्रत्येक दुकानात जाऊन ही पेटी मागत राहावे, यासाठी एक संघही स्थापन करण्यात आला. तरीही स्वस्त मालापुढे टिकाव लागला नाही व १९०१ मध्ये कारखाना ब्रायंट अँड मे यांनाच विकण्यात आला. त्याच सुमारास त्या कंपनीने पिवळ्या फॉस्फरसचा वापर थांबविला होता. ब्रिटनमध्ये कायद्याने त्यावर बंदी आली ती १९०८ च्या कायद्यान्वये. व्यापार म्हणून फसलेला हा प्रयोग उदाहरण म्हणून फसला असे म्हणता येत नाही. पण विषारी फॉस्फरस गेला तरी घरी पेट्या चिकटविणाऱ्या आयांच्या मजुरीचा प्रश्न त्याने सुटला नाही.

अमेरिकेतील शेतवसाहती

कुटुंबासहित पुनर्वसनाचा खरा प्रयोग अमेरिकेत झाला. बूथ यांचे जावई फ्रेडरिक बूथ-टकर यांनी १८९८ मध्ये कोलोरॅडोत ॲमिटी, कॅलिफोर्नियात रोमी व ओहायोत हेरिक अशा तीन वसाहती वसविल्या. शहरांतील गरीब कुटुंबांना जमीन, घर व अवजारे कर्जाऊ द्यावयाची आणि त्यांनी ती उत्पन्नातून फेडावयाची, अशी पद्धत होती. रोमी येथील पहिली तुकडी अवर्षणाने हरली, पण पाटाची सोय झाल्यावर दुसरी तुकडी स्थिरावली. ॲमिटीत पाण्याची पातळी वर येऊन जमीन खारी झाली व ती वसाहत दशकभरात मोडली. कादंबरीकार रायडर हॅगर्ड यांनी १९०५ मध्ये या वसाहतींची पाहणी करून अनुकूल अहवाल दिला, परंतु ब्रिटिश सरकारने त्यातील योजना स्वीकारली नाही.

भारतातील कार्य

फ्रेडरिक टकर हे बिहारमधील मुंगेर येथे जन्मलेले व भारतीय सनदी सेवेत असलेले अधिकारी. नोकरी सोडून १९ सप्टेंबर १८८२ रोजी ते तीन सहकाऱ्यांसह मुंबईत उतरले. त्यांनी भगवी वस्त्रे परिधान केली, ‘फकीर सिंग’ हे नाव घेतले आणि ते अनवाणी हिंडू लागले. राज्यकर्त्या जमातीतील माणसाने असे वागणे अधिकाऱ्यांना रुचले नाही. रस्त्यावरील मिरवणुकींबद्दल मुंबई पोलिसांनी त्यांना अटक केली व टकर यांना तुरुंगवास घडला. ब्राह्मो समाजाचे नेते केशवचंद्र सेन यांनी या दडपणाचा निषेध केला.

पुढील काळात गुजरात, पंजाब व दक्षिण भारतात अस्पृश्य मानलेल्या जातींत हे कार्य वाढले. सुधारित हातमाग व रेशीम उत्पादन यांचे शिक्षण देण्यात आले. भूमिहीन कुटुंबांसाठी गुजरातेत मुक्तिपूर व पंजाबात कालव्याखालील जमिनीवर शांतिनगर (१९१६, आता पाकिस्तानात) ही गावे वसविण्यात आली. ज्यांच्या पिढ्यांनी दुसऱ्याच्या शेतात राबण्यापलीकडे काही पाहिले नव्हते, त्यांना स्वतःची जमीन मिळणे हा मोठाच बदल होता.

याच कार्याची दुसरी बाजू मात्र कठोर आहे. १८७१ च्या कायद्याने अनेक भटक्या जमातींना जन्मजात ‘गुन्हेगार’ ठरविले होते. १९०८ पासून सरकारने अशा जमातींच्या वसाहती मुक्तिफौजेकडे सोपविण्यास सुरुवात केली. गोरखपूर येथील डोम व आंध्रातील स्टुअर्टपुरम येथील येरुकुल ही त्यांची ठळक उदाहरणे होत. तेथे काम, शाळा व दवाखाना होता, परंतु परवानगीशिवाय बाहेर जाता येत नसे, हजेरी द्यावी लागे आणि मुलांना आईबापांपासून वेगळे ठेवण्याची मुभा कायद्यानेच दिली होती. मीना राधाकृष्ण यांनी ‘डिसऑनर्ड बाय हिस्टरी’ (२००१) या ग्रंथात या वसाहतींतून स्वस्त मजूर कसे पुरविले गेले याची चिकित्सा केली आहे. वर्कहाउसमधील ज्या ताटातुटीला इंग्लंडमधील गरीब इतका भीत होता, तीच येथे सुधारणेच्या नावाखाली आली, हा विरोध नजरेआड करता येत नाही. १९५२ मध्ये हा कायदा रद्द झाला व या जमाती विमुक्त म्हणून ओळखल्या जाऊ लागल्या.

टीका

शास्त्रज्ञ टी. एच. हक्सले यांनी १८९०–९१ मध्ये ‘द टाइम्स’ला पत्रे लिहून एकाच माणसाच्या आज्ञेत चालणाऱ्या संघटनेच्या हाती एवढा निधी देणे धोक्याचे असल्याचे प्रतिपादिले. १८९२ मध्ये नेमलेल्या चौकशी समितीने हिशेब एकंदरीत चोख असल्याचा निर्वाळा दिला. हक्सले यांचा मूळ आक्षेप मात्र हिशेबापेक्षा हुकुमशाहीविषयी होता आणि त्यास समितीचे उत्तर पुरेसे नव्हते. समाजवाद्यांच्या मते ही मदत म्हणजे मूळ रोगावर वरवरचे मलम होते. बर्नार्ड शॉ यांच्या ‘मेजर बार्बरा’ (१९०५) या नाटकात मद्य व दारूगोळा यांच्या कारखानदारांकडून देणगी घ्यावी काय, हा पेच मुक्तिफौजेच्याच पार्श्वभूमीवर मांडला आहे.

भारतात धर्मांतराचा प्रश्न सतत उपस्थित होत आला आहे. भुकेल्याने स्वीकारलेला धर्म कितपत स्वेच्छेचा, ही शंका रास्त आहे. परंतु ज्यांना गावाच्या पाणवठ्यावर पाणी भरू दिले जात नव्हते, त्यांचे धर्मांतर केवळ अन्नासाठी झाले असे मानणे त्यांच्यावर अन्याय करणारे ठरेल. विसाव्या शतकात ऑस्ट्रेलियातील मुक्तिफौजेच्या बालगृहांत मुलांवर झालेल्या अत्याचारांची तेथील शाही आयोगाने २०१४ मध्ये सुनावणी घेतली व संघटनेने जाहीर माफी मागितली.

सद्यःस्थिती

मुक्तिफौज आज शंभराहून अधिक देशांत कार्यरत आहे. हॅडली येथील शेती अद्याप चालू असून तेथे विशेष गरजा असलेल्या व्यक्तींना प्रशिक्षण दिले जाते. महाराष्ट्रात अहिल्यानगर (पूर्वीचे अहमदनगर) येथील इव्हॅंजेलिन बूथ रुग्णालय ‘बूथ हॉस्पिटल’ या नावाने परिचित आहे. २०२० मधील कोरोनाच्या साथीत तेथे रुग्णांवर उपचार करण्यात आले. मुंबईत भायखळा येथे संघटनेचे कार्यालय असून कुलाब्यात ‘रेड शील्ड हाउस’ हे अल्पदरातील अतिथिगृह आहे.