हौशी गळा आणि त्याची पारख

वाचकहो, २००८-०९ चा हिवाळा आठवून पाहा. निजामपुऱ्यातल्या सोसायट्यांमधून जेवणानंतर शतपावलीला निघणारी आपली मंडळी त्या दिवसांत लवकर घरी परतत. जिना चढताना दोन-तीन दारांआडून एकच गाणे ऐकू येई. झी मराठीवर ‘सारेगमप लिटिल चॅम्प्स’ चालू असे. ज्या नातवंडांशी आजीला अर्धे गुजराती, अर्धे मराठी बोलावे लागे, ती नातवंडे अभंगातल्या आणि नाट्यपदातल्या शब्दांचे अर्थ विचारू लागली होती. या कार्यक्रमाकडे करमणूक म्हणून पाहणे सोपे आहे. पण त्यातला मूळ प्रश्न आपल्या बडोद्याला फार जुना आहे. गाणारा घडवायचा कोणी आणि त्याची पारख करायची कोणी?

संस्थानी काळात या दोन्हींची व्यवस्था दरबाराकडे होती. कलावंत कारखाना या खात्यात गवई, वादक, नर्तक पगारावर असत. त्यांचे गुण दरबार जाणत असे आणि बक्षिसीही दरबारच देत असे. १८८६ साली महाराज सयाजीराव गायकवाड यांनी मौलाबक्ष यांच्या हाती गायनशाळा सोपवली, तेव्हा ही व्यवस्था बदलू लागली. ज्यांच्या घरात गाण्याची परंपरा नाही अशा मुलांनाही गाणे शिकता यावे, हा त्यामागचा विचार होता. मौलाबक्षांनी स्वरलेखनाची स्वतःची पद्धत तयार केली होती. जे गाणे तोवर केवळ गुरूच्या मुखातून मिळे, ते आता कागदावर उतरवता येऊ लागले. १९१६ साली पं. भातखंडे यांच्या पुढाकाराने पहिली अखिल भारतीय संगीत परिषद भरली, तीही बडोद्यातच. उस्ताद फैयाज खाँ दरबारचे गायक असतानाच शहरात गाणे समजणारा साधा, नोकरदार श्रोताही तयार होत होता. आपल्या आजोबा-पणजोबांची पिढी ती हीच.

अशा श्रोत्याच्या हाती निकाल देण्याची कल्पना आधी परदेशात रुजली. अमेरिकेत मेजर बोज यांचा हौशी कलावंतांचा रेडिओ कार्यक्रम १९३० च्या दशकात गाजला. तरुण फ्रँक सिनात्रा १९३५ साली त्यात गायला होता. टेड मॅक यांनी तो कार्यक्रम १९४८ मध्ये दूरचित्रवाणीवर नेला आणि १९७० पर्यंत चालवला. श्रोते टेलिफोनने आणि पोस्टकार्डांनी मते कळवत.

आपल्याकडे झी टीव्हीवर १९९५ साली ‘सा रे ग म’ सुरू झाले. सूत्रसंचालक होता तरुण सोनू निगम. समोर परीक्षक म्हणून संगीतातली जाणती, मुरलेली माणसे बसत. लहानपणी याच मंचावर जिंकलेली श्रेया घोषाल पुढे २००२ च्या ‘देवदास’मधून चित्रपटसृष्टीत आली. त्या काळात निकाल जाणकारांचा असे आणि प्रेक्षक तो मान्य करत. २००४ मध्ये ‘इंडियन आयडॉल’ आले आणि मोबाइलवरच्या मतांवर निकाल ठरू लागला. त्याचा पहिला विजेता, अभिजीत सावंत, मराठी होता, हे आपण अभिमानाने सांगतो. पण त्याच वेळी पारख जाणकारांच्या हातून निसटू लागली होती, हे सहसा सांगत नाही.

‘लिटिल चॅम्प्स’मध्ये या दोन्ही पद्धती एकत्र आल्या. पल्लवी जोशी मुलांशी बोलत, अवधूत गुप्ते आणि वैशाली सामंत गुण देत. ते गुण आकड्यांत नसून स्वरांत असत. ‘नी’ मिळाला की मूल खुश, ‘वरचा सा’ मिळाला की घरात टाळ्या! अंतिम फेरीत पाच मुले होती: आळंदीची कार्तिकी गायकवाड, पुण्याची आर्या आंबेकर, आरवलीचा प्रथमेश लघाटे, अलिबागची मुग्धा वैशंपायन आणि लातूरचा रोहित राऊत. प्रेक्षकांच्या मतांनी कार्तिकी जिंकली. त्या निकालावर घरोघरी वाद झाले, कदाचित आपल्याही घरी झाले असतील. वाद झाला याचा अर्थ लोक कान देऊन ऐकत होते, आणि मला तरी ती शुभ खूण वाटते.

आता थोडे मागे जाऊन पाहू. कार्तिकीचे वडील कल्याणजी गायकवाड स्वतः गायक आणि संगीतशिक्षक. आर्याची आई श्रुती आंबेकर शास्त्रीय गायिका. ही मुले स्पर्धेत उतरली तेव्हा त्यांच्या गळ्यावर घरात कितीतरी वर्षे मेहनत झालेली होती. वाहिनीने त्यांना शोधले आणि देशभर पोचवले, हे श्रेय तिचे आहेच. उपग्रह वाहिनीला राज्याची वेस आडवी येत नाही. म्हणूनच गुजरातेत वाढणाऱ्या आपल्या मुलांपर्यंत ते मराठी गाणे आले. परंतु स्पर्धा तयार गळा निवडते. तो तयार करण्याचे काम रोजच्या रियाजाचे, शिक्षकाचे आणि घरातल्या माणसांचे असते. २०२१ साली तीच पाच मुले मोठी होऊन नव्या मुलांचे परीक्षण करायला त्याच मंचावर बसली. शिकलेलाच पुढे पारख करू शकतो, याचे याहून चांगले उदाहरण कोणते?

बडोद्याची गायनशाळा पुढे महाराजा सयाजीराव विद्यापीठाचा भाग झाली आणि आजही सूरसागरच्या काठी उभी आहे. आपल्यातल्या कितीतरी घरांत कोणी ना कोणी तिथे शिकलेले आहे. माळ्यावर गवसणीत बांधलेला तंबोरा किंवा भाता फाटलेली पेटीही अनेक घरांत सापडेल. आपल्या नातवाने पडद्यावरचे गाणे ऐकून ते गुणगुणायला सुरुवात केली, तर त्याला लगेच निवडचाचणीच्या रांगेत उभे करू नका. ती पेटी आधी दुरुस्तीला द्या. मग त्याला शिक्षकाकडे न्या आणि संध्याकाळी त्याच्याजवळ बसून ऐका. मत देणारे पुढे लाखो भेटतील. पहिला श्रोता मात्र त्याला घरातच मिळायला हवा.