खळ्यावरून आलेला शब्द

जाड फळ्यांचा एक पाट डोळ्यांसमोर आणा. पुरुषभर लांब, पुढचं टोक होडीसारखं जरा वर वळलेलं. वरून तो अगदी साधा दिसतो. उलटा केला की कळतं, खालच्या बाजूला ओळीनं खाचा पाडल्या आहेत आणि प्रत्येक खाचेत गारगोटीची धारदार कपची ठोकून बसवली आहे. खळ्यावर गव्हाच्या पेंढ्या पसरायच्या, त्यांवर हा पाट ठेवायचा, बैल जुंपायचे, वजन पडावं म्हणून वर माणूस उभा राहायचा आणि दिवसभर गोल फिरत राहायचं. ओंब्या फुटतात, काडाचा भुसा होतो, दाणा मोकळा होतो.

रोमन लोक या पाटाला ‘त्रिबुलुम’ म्हणत. इसवी सनापूर्वी 37 च्या सुमारास वारो या रोमन पंडितानं शेतीवर ग्रंथ लिहिला. त्यात या अवजाराची रचना आहे: दगडांनी किंवा लोखंडानं खरखरीत केलेली फळी, तिच्यावर हाकणारा किंवा एखादं ओझं, आणि ओढायला जुंपलेली जनावरं. स्पेनमध्ये हाच पाट ‘त्रियो’ म्हणून विसाव्या शतकातही खळ्यावर फिरत होता. सेगोव्हिया प्रांतातलं कांतालेखो हे गाव असे पाट घडवणाऱ्या कारागिरांसाठी नावाजलेलं होतं. आपल्याकडे मळणीला बैलांचे खूर पुरत. मधोमध तिवडा रोवायचा आणि त्याच्याभोवती बैल फिरवायचे. अवजार वेगळं, पण काम तेच.

या पाटाच्या नावावरून लॅटिनमध्ये ‘त्रिबुलात्सिओ’ हा शब्द झाला आणि ख्रिस्ती लेखनात तो रुजला. इंग्रजीतलं ‘ट्रिब्युलेशन’ त्याचंच अपत्य. मराठी बायबल वाचणारे त्याला संकट किंवा क्लेश म्हणतात. जगाच्या अंताआधी जो भयंकर काळ येईल असं शास्त्रात सांगितलं आहे, त्याला ते महासंकट म्हणतात. या महासंकटावरून ख्रिस्ती मंडळ्यांत जवळजवळ दोनशे वर्षं एक वाद चालू आहे. विश्वासणाऱ्यांना त्यातून जावं लागेल, की त्याआधीच प्रभू त्यांना वर उचलून घेईल? हा प्रश्न मराठी मंडळ्यांतही विचारला जातो आणि तळमळीनं विचारला जातो. त्याचं उत्तर शोधताना मला शब्दांच्या कुळाकडे जावंसं वाटतं, कारण तिथं या वादाचं मूळ फार स्वच्छ दिसतं.

आधी ग्रीक. जैतुनाच्या डोंगरावर बसून येशूनं शिष्यांना शेवटच्या काळाविषयी सांगितलं. ते मत्तयाच्या 24 व्या अध्यायात आहे आणि तिथं ग्रीक शब्द आहे ‘थ्लिप्सिस’, म्हणजे दाब, चेपणं. त्याच धातूपासून झालेला शब्द मत्तयानं 7 व्या अध्यायात जीवनाकडे नेणाऱ्या चिंचोळ्या वाटेसाठी वापरला आहे. थ्लिप्सिसच्या मागे दानीएलाच्या पुस्तकातला हिब्रू ‘त्सारा’ उभा आहे. त्याचं मूळही अरुंदपणात. आणि आपला ‘संकट’? संस्कृतात संकट म्हणजे आवळलेली, चिंचोळी जागा, डोंगरातली अरुंद खिंड. मराठीत अजूनही दाटीच्या खोलीला आपण ‘अडचणीची जागा’ म्हणतो आणि पैशाची चणचण असली तरी ‘अडचण आहे’ म्हणतो. यरुशलेम, अथेन्स आणि महाराष्ट्र, तिन्हीकडे माणसाला दुःख एकसारखंच जाणवलं: भिंती जवळ येतात आणि श्वास कोंडतो.

लॅटिननं मात्र इथं एक मोलाची भर घातली. खिंडीत सापडलेला माणूस फक्त चेपला जातो. खळ्यावरच्या पेंढीचं तसं नसतं, तिच्यात दाणा असतो. त्रिबुलुमखालचा दाब कशासाठी आहे हे शेतकऱ्याला पक्कं ठाऊक असतं. बायबलमध्ये हे चित्र आधीपासून होतंच. यशयाच्या 41 व्या अध्यायात तीक्ष्ण दातांचं नवं मळणीयंत्र येतं. बाप्तिस्मा करणारा योहान येणाऱ्या प्रभूचं वर्णन करतो तेव्हा त्याच्या हाती धान्य पाखडण्याचं साधन असतं, आणि मराठी बायबलनं त्यासाठी आपल्या घरातलं सूप दिलं आहे.

सुरुवातीच्या ख्रिस्ती लोकांना हे चित्र समजावून सांगावं लागलं नाही. दुसऱ्या शतकाच्या आरंभी अंत्युखियाचा बिशप इग्नेशियस याला श्वापदांपुढे टाकण्यासाठी रोमला नेत होते. वाटेत रोमच्या मंडळीला पत्र लिहून त्यानं विनवलं की मला वाचवू नका. मी देवाचा गहू आहे, मला दळलं जाऊ द्या. लियोंमध्ये 177 साली ख्रिस्ती लोकांचा अनन्वित छळ झाला. त्यानंतर तिथला बिशप झालेल्या इरेनियसनं आपल्या मोठ्या ग्रंथाच्या पाचव्या भागात इग्नेशियसच्या या शब्दांचा दाखला दिला. तारण पावणाऱ्यांना संकट आवश्यक आहे, कारण दळलं गेल्याशिवाय आणि भाजलं गेल्याशिवाय राजाच्या पंक्तीची भाकरी होत नाही, असा त्याचा आशय आहे. पुढच्याच अध्यायात तो मंडळी एकाएकी वर घेतली जाईल असं म्हणतो, आणि लगेच त्या संकटाला नीतिमानांची शेवटची झुंज म्हणतो. आजच्या वादात एक पक्ष त्याचं पहिलं वाक्य पुढे करतो, दुसरा पक्ष लगतचं. इरेनियसला दोन्ही वाक्यं शेजारी शेजारी ठेवताना अवघडल्यासारखं झालेलं दिसत नाही.

मग ऑगस्टीन. 410 साली रोम लुटलं गेलं. चांगल्या माणसांनाही तेच का भोगावं लागलं, हा प्रश्न घराघरात होता. ‘देवाचं नगर’ या ग्रंथाच्या पहिल्याच भागात ऑगस्टीननं खळं उभं केलं: एकाच पाटाखाली काड चिरडलं जातं आणि धान्य निवळतं. पाट दोघांवरून सारखाच फिरतो, फरक आत काय आहे याचा आहे. संकट या शब्दाची मला ठाऊक असलेली सगळ्यात सखोल व्याख्या हीच, आणि ती त्यानं लॅटिन शब्दाच्या मुळातूनच काढली.

आता वादातला दुसरा शब्द, ‘रॅप्चर’. इसवी सन 50 च्या आसपास पौलानं थेस्सलनीकाकरांस पहिलं पत्र लिहिलं. त्या मंडळीतली काही माणसं वारली होती आणि मागे राहिलेले शोकात होते. प्रभू येईल तेव्हा आमची गेलेली माणसं मुकतील का, ही त्यांची काळजी. पौलानं धीर दिला की मेलेले आधी उठतील, मग जिवंत असलेले त्यांच्यासोबत मेघांत उचलले जातील. तिथला ग्रीक शब्द ‘हार्पाझो’, म्हणजे झडप घालून नेणं. लॅटिनमध्ये त्याचं ‘रापिएमुर’ झालं आणि त्या धातूपासून पुढे इंग्रजी रॅप्चर. ज्या शब्दावरून पुढे मंडळ्या फुटल्या, तो मुळात सुतकातल्या घराला दिलेला दिलासा होता.

हे उचललं जाणं महासंकटाच्या आधी, वेगळ्या वेळी होईल, ही शिकवण पद्धतशीरपणे मांडली जॉन नेल्सन डार्बीनं. तो 1800 साली जन्मला, डब्लिनमध्ये शिकला आणि आयर्लंडच्या विक्लो परगण्यात पाळक होता. पुढे तो प्रस्थापित चर्च सोडून ब्रदरेन मंडळ्यांत गेला. 1831 पासून विक्लोतच लेडी पॉवरस्कोर्ट यांच्या पुढाकारानं भविष्यवाण्यांच्या अभ्यासासाठी परिषदा भरल्या आणि तिथं ही मांडणी आकाराला आली. देवाच्या योजनेत इस्राएल आणि मंडळी या दोन वेगळ्या गोष्टी आहेत, हा तिचा पाया. दानीएलाच्या सत्तर सप्तकांतलं शेवटचं सप्तक, म्हणजे सात वर्षं, इस्राएलसाठी राखलेलं आहे. मंडळीचा त्या काळाशी संबंध नाही, म्हणून ती आधीच उचलली जाईल.

विरोध घरातूनच झाला. प्लिमथच्या मंडळीतले बेंजामिन विल्स न्यूटन यांनी मंडळी महासंकटातून जाईल असं ठामपणे मांडलं. इतर कारणंही मिसळली आणि 1845 नंतरच्या काही वर्षांत ब्रदरेन दुभंगले. डार्बीची शिकवण मात्र अटलांटिक ओलांडून गेली. 1862 पासून त्यानं उत्तर अमेरिकेचे अनेक दौरे केले. सायरस स्कोफील्डनं बायबलच्या पानावरच खाली टिपा छापल्या आणि 1909 साली ऑक्सफर्ड युनिव्हर्सिटी प्रेसनं ते बायबल प्रसिद्ध केलं. वचन आणि टीप एकाच पानावर आल्यावर सामान्य वाचकाच्या मनात ती दोन्ही एकजीव झाली. पुढे 1970 साली हॅल लिंडसेच्या पुस्तकानं आणि 1995 पासून ‘लेफ्ट बिहाइंड’ कादंबऱ्यांनी हे चित्र कोट्यवधी घरांत पोचवलं. दुसऱ्या बाजूनं जॉर्ज लॅड यांनी 1956 साली ‘द ब्लेसेड होप’ लिहून सांगितलं की मंडळीची आशा प्रभूचं येणं ही आहे, संकटातून सुटका ही नव्हे. काहींनी मधली वाट धरली: सात वर्षांच्या मध्यावर, किंवा देवाचा क्रोध ओतला जाण्याआधी.

दोन्ही बाजूंचे मुद्दे वजनदार आहेत. आधी उचललं जाईल म्हणणारे प्रकटीकरणाचा 3 रा अध्याय दाखवतात, जिथं फिलदेल्फियाच्या मंडळीला परीक्षेच्या घटकेपासून राखण्याचं अभिवचन आहे. तिथलं ग्रीक शब्दयोगी अव्यय ‘एक’ म्हणजे ‘मधून बाहेर’. मग राखणं म्हणजे त्या घटकेत शिरूच न देणं, की शिरल्यावर सुखरूप बाहेर आणणं? योहानाच्या 17 व्या अध्यायात येशू ‘राखणं’ आणि ‘एक’ हेच दोन शब्द वापरून प्रार्थना करतो आणि तिथं शिष्यांना जगातून काढून घेऊ नको असं स्पष्ट म्हणतो. दुसरा पक्ष थेस्सलनीकाच्या पत्रातल्या ‘अपान्तेसिस’ या शब्दावर बोट ठेवतो. मत्तयाच्या 25 व्या अध्यायात दहा कुमारी वराला सामोऱ्या जातात, तिथं हाच शब्द आहे. आपल्याकडे सीमांतपूजनाला वधूपक्ष सामोरा जातो तो वराला घेऊन मांडवात परतण्यासाठी. मेघांतली भेटही अशीच असेल, तर मंडळी राजाला घेऊन पृथ्वीवरच परतेल.

माझं मन दुसऱ्या बाजूला झुकतं, आणि कारण व्याकरणापेक्षा खळं आहे. कोरी टेन बूम या डच बाईंनी घरात यहुदी लपवले, त्यासाठी राव्हेन्सब्रूकची छळछावणी भोगली. डिसेंबर 1944 मध्ये त्यांची बहीण तिथंच वारली. आपल्याला संकटाआधीच उचललं जाईल ही शिकवण माणसाला अवघड दिवसांसाठी तयार करत नाही, असं त्या पुढे कळवळून सांगत. त्यांचं म्हणणं मी बाजूला सारू शकत नाही. पण डार्बीच्या शिकवणीत जी ओढ आहे, प्रभू आज येईल या आशेनं दार उघडं ठेवण्याची, ती मला परकी वाटत नाही. थेस्सलनीकाच्या शोकाकुल घरातलीच ती ओढ आहे.

आपल्याकडे पंडिता रमाबाईंनी दुष्काळात आई-वडील गमावले होते. पुढे 1896 च्या दुष्काळात त्यांनी उपाशी, निराधार मुलींना गोळा करून केडगावी आणलं. त्याच बाईंनी हिब्रू आणि ग्रीक शिकून अख्खं बायबल सोप्या मराठीत उतरवलं. त्या 1922 साली गेल्या आणि ते 1924 साली छापून आलं. थ्लिप्सिस हा शब्द त्या भाषांतरात त्यांच्यासमोर पुन्हा पुन्हा आला असणार. त्याचा अर्थ शोधायला त्यांना दूर जावं लागलं नसेल. पाट त्यांच्यावरून फिरून गेला होता, आणि मोकळा झालेला दाणा केडगावच्या मुलींच्या ताटात पडत होता.