धुळ्याचे रानडे

मौन धरले की माणूस प्रगल्भ ठरतो, असा सरकारी कचेऱ्यांतून समज आहे. आम्हांस तो पटत नाही. १८७९ साली न्यायखात्यातील महादेव गोविंद रानडे यांची नाशिकहून धुळ्यास बदली झाली. वासुदेव बळवंत फडक्यांच्या बंडाने सरकार बिथरले होते. पुण्याच्या पुढाऱ्यांवर वक्रदृष्टी होती. धुळ्यास रानड्यांचे टपाल फोडले जाई. बंडवाल्यांच्या नावाची पत्रेही येत. ती ते जशीच्या तशी पोलिसांकडे धाडीत, असे रमाबाईंनी १९१० साली प्रसिद्ध झालेल्या आठवणींत नोंदले आहे. (आम्ही असतो तर निदान एक जळजळीत अर्ज तरी खरडला असता!)

कोणी याला भित्रेपणा म्हणेल. पण भ्यालेला माणूस पुढे जपून राहतो. रानडे तसे राहिले नाहीत. संशयाचे कडूपणही त्यांनी मनात साठविले नाही. १८८७ साली सामाजिक परिषद उभारण्यात ते अग्रभागी होते. १८९३ साली हायकोर्टाचे न्यायमूर्ती झाले, आणि त्याच आसनावर असताना, १९०० साली, मराठी सत्तेचा उदय हे लुटारूंचे यश नसून एका लोकसमूहाचे उत्थान होते, हे त्यांनी राज्यकर्त्यांच्याच भाषेत ग्रंथ लिहून मांडले.