फ्लॅटचं टोकन देण्याआधी महारेरावर काय बघायचं? मोबाईलवरून तपासणीची पूर्ण माहिती

वाघोली, रावेत, ताथवडे, आंबेगाव... पुण्याच्या कुठल्याही टोकाला चक्कर मारा, नव्या टॉवरचं होर्डिंग दिसणारच. २०१७ मध्ये ११ आणि २०२१ मध्ये २३ गावं पुणे महापालिकेत आली, २०२२ मध्ये मेट्रो धावायला लागली आणि शहराच्या कडेला जिथे तिथे क्रेन उभ्या राहिल्या. या होर्डिंगच्या कोपऱ्यात एक क्यूआर कोड असतो. चहावाल्याचा कोड आपण रोज स्कॅन करतो, पण आयुष्यातल्या सगळ्यात मोठ्या खरेदीचा हा कोड मात्र फारसं कोणी उघडून बघत नाही. त्यामागे काय असतं आणि ते कसं वाचायचं, हे या लेखात पाहू.

मी सॉफ्टवेअर इंजिनिअर आहे, वकील नाही. पण हा विषय मी घरच्या अनुभवातून शिकलो. माझ्या मामाने २०१८ मध्ये फ्लॅट बुक केला. सेल्स ऑफिसमध्ये सांगितलं होतं, "२०२० च्या दिवाळीत चावी हातात." चावी मिळाली २०२३ मध्ये. तोपर्यंत घरभाडं आणि बँकेचा हप्ता दोन्ही चालू; मामीचे दागिने त्यातच गेले. नंतर मी महारेराची साइट उघडली, तर त्या प्रकल्पाच्या नोंदीत काम पूर्ण होण्याची तारीख पहिल्यापासून डिसेंबर २०२१ होती. म्हणजे एक वर्षाचा फरक बुकिंगच्या दिवशीच दिसत होता. आमच्यापैकी कोणी बघितलाच नाही.

महारेरा म्हणजे काय?

केंद्राने २०१६ मध्ये स्थावर संपदा कायदा केला, त्यालाच आपण रेरा म्हणतो. तो १ मे २०१७ पासून पूर्णपणे लागू झाला. महाराष्ट्रात त्याची अंमलबजावणी करणारं प्राधिकरण म्हणजे महारेरा. ५०० चौरस मीटरपेक्षा मोठी जमीन आणि ८ पेक्षा जास्त सदनिका असलेल्या प्रकल्पाची नोंदणी केल्याशिवाय बिल्डरला जाहिरात करता येत नाही आणि बुकिंगही घेता येत नाही. १ ऑगस्ट २०२३ पासून जाहिरातीत क्यूआर कोड छापणंही सक्तीचं आहे.

एक गोष्ट आधीच लक्षात घ्या. नोंदणी म्हणजे हमी नाही. "महारेरा रजिस्टर्ड आहे सर" हे वाक्य ऐकून आपण निर्धास्त होतो. पण नोंदणीचा अर्थ एवढाच, की बिल्डरने आपली माहिती जाहीरपणे लिहून दिली आहे. ती चांगली आहे की वाईट, हे वाचून आपणच ठरवायचं. आमच्या भाषेत सांगायचं तर ब्रोशर म्हणजे डेमो आणि महारेराची नोंद म्हणजे लॉग. काय बिघडलंय ते लॉगमध्ये कळतं.

प्रकल्प कसा शोधायचा?

१. जाहिरातीवरचा क्यूआर कोड स्कॅन करा. उघडलेलं पान महारेराच्याच सरकारी साइटवर आहे ना, ते बघा. बिल्डरच्या स्वतःच्या साइटवर नेणारा कोड इथे कामाचा नाही.

२. कोड नसेल तर याच साइटवर नोंदणीकृत प्रकल्पांच्या यादीत प्रकल्पाचं नाव, बिल्डरचं नाव किंवा नोंदणी क्रमांक टाका.

३. क्रमांक "पी" अक्षराने सुरू होतो. जुन्या क्रमांकांमध्ये पुढचे तीन आकडे जिल्ह्याचे असतात, पुण्यासाठी ५२१. एजंटचा क्रमांक "ए" ने सुरू होतो. काही जण तोच दाखवून वेळ मारून नेतात.

या ६ गोष्टी नीट वाचा

१) टप्पा कोणता? रेरामध्ये मोठ्या प्रकल्पाचा प्रत्येक टप्पा स्वतंत्र प्रकल्प धरला जातो. "ए" आणि "बी" टॉवरचा क्रमांक "सी" टॉवरला चालत नाही. आमचं दुसऱ्यांदा इथेच अडणार होतं. यंदा पाडव्याला बाबा बार्शीहून चेकबुक घेऊन आले होते. ५१ हजारांचं टोकन द्यायचं ठरलेलं. मी कोड स्कॅन केला तेव्हा बाबा म्हणाले, "नंबर तर आहे की रे!" नंबर होता, पण पहिल्या टप्प्याचा. आम्ही बघत होतो त्या टॉवरची नोंदणीच झाली नव्हती. विचारल्यावर उत्तर आलं, "काका, प्रोसेसमध्ये आहे. पण उद्यापासून रेट वाढतोय." बाबांनी चेकबुक पिशवीत परत ठेवलं. क्लब हाउस, पोहण्याचा तलाव वगैरे कोणत्या टप्प्यात आहेत तेही बघा. पुष्कळदा ते शेवटच्या टप्प्यात असतात.

२) दोन तारखा. काम पूर्ण होण्याची मूळ तारीख आणि सुधारित तारीख. कोविडमध्ये महारेराने प्रकल्पांना सरसकट मुदतवाढ दिली होती, तेवढा फरक समजण्यासारखा आहे. त्यापेक्षा जास्त असेल तर कारण विचारा. सेल्स ऑफिसने सांगितलेली तारीख नोंदीशी जुळत नसेल तर नोंदीतली खरी माना.

३) किती विकलं, किती बांधलं? एकूण सदनिका, बुक झालेल्या सदनिका आणि कामाची टक्केवारी साइटवर दिसते. खोदाई, जोतं, स्लॅब, भिंती, लिफ्ट असं वेगवेगळं. ही माहिती दर तीन महिन्यांनी भरावी लागते. २०२३ मध्ये ती न भरणाऱ्या शेकडो प्रकल्पांची नोंदणी महारेराने स्थगित केली होती. बहुतेक फ्लॅट विकले गेलेत आणि काम अजून जोत्यावरच आहे, असं दिसलं तर थांबा. पुढचं काम कोणत्या पैशातून होणार, हे विचारा.

४) कार्पेट एरिया. कायद्याप्रमाणे विक्री कार्पेटवरच. यात आतल्या भिंती धरतात. बाहेरच्या भिंती, डक्ट, बाल्कनी आणि टेरेस धरत नाहीत. साइटवर आकडा चौरस मीटरमध्ये असतो, त्याला १०.७६४ ने गुणा. ६० चौरस मीटर म्हणजे साधारण ६४६ चौरस फूट. ब्रोशरवर "९०० सेलेबल" लिहिलेलं असेल तर तो आकडा विसरून जा आणि भाव ६४६ वर काढा.

५) बोजा आणि दावे. जमिनीवर कर्ज आहे का, कोर्टात दावा आहे का, हे नोंदीत असतं. कर्ज असणं वाईटच असं नाही, पण त्या बँकेचं ना-हरकत पत्र मागा. मालकी हक्काचा वकिली अहवाल, मंजूर नकाशा, बांधकाम प्रारंभ प्रमाणपत्र आणि कराराचा नमुना तिथूनच डाउनलोड करा आणि फी देऊन स्वतःच्या वकिलाला दाखवा.

६) बिल्डरचे आधीचे प्रकल्प. त्याच्या नावाने शोधून आधीच्या प्रकल्पांच्या तारखा किती वेळा पुढे गेल्या ते बघा. मला तरी ही तपासणी सगळ्यात उपयोगी वाटते.

पैसे देताना

नोंदणीकृत करार होण्याआधी बिल्डर किमतीच्या १० टक्क्यांपेक्षा जास्त रक्कम घेऊ शकत नाही. महाराष्ट्राच्या नमुना करारात पुढचे टप्पेही ठरलेले आहेत. करारानंतर एकूण ३० टक्क्यांपर्यंत, जोतं झाल्यावर ४५ पर्यंत, सगळे स्लॅब झाल्यावर ७० पर्यंत आणि शेवटचे ५ टक्के ताबा घेताना. ग्राहकांकडून आलेल्या पैशांपैकी ७० टक्के रक्कम त्या प्रकल्पाच्या स्वतंत्र खात्यात ठेवावी लागते. ती फक्त जमीन आणि बांधकामासाठी वापरता येते. काढतानाही इंजिनिअर, आर्किटेक्ट आणि सीए यांचे दाखले लागतात.

ताब्याला उशीर झाला तर?

कलम १८ प्रमाणे तुमच्यापुढे दोन मार्ग आहेत. प्रकल्पातून बाहेर पडून सगळे पैसे व्याजासकट परत घ्या, किंवा थांबा आणि ताबा मिळेपर्यंत दर महिन्याचं व्याज घ्या. महाराष्ट्रात हा दर स्टेट बँकेच्या सर्वाधिक एमसीएलआरपेक्षा २ टक्के जास्त आहे. बिल्डरने साइटवरची तारीख पुढे नेली तरी तुमच्या करारातली तारीख बदलत नाही, हे मुंबई उच्च न्यायालयाने २०१७ मध्ये स्पष्ट केलं आहे. त्यामुळे करारात ताब्याची तारीख स्पष्ट लिहून घ्या. तक्रार ऑनलाइन करता येते, शुल्क ५ हजार रुपये. आधी बोलून मार्ग काढायचा असेल तर महारेराचा सलोखा मंच आहे.

महारेरावर काय दिसत नाही?

पाणी टँकरचं की नळाचं, पुढचा रस्ता प्रत्यक्षात आहे की विकास आराखड्यातली नुसती रेघ, हे तिथे कळत नाही. त्यासाठी विकास आराखड्याचा नकाशा बघा. प्रकल्प नदीजवळ असेल तर निळी आणि लाल पूररेषाही तपासा. जुलै २०२४ मध्ये सिंहगड रोडच्या एकतानगरीत पाणी शिरलं होतं, ते आठवत असेलच. आणि सॅम्पल फ्लॅट बघून झाला की गेटबाहेरच्या किराणा दुकानदाराला पाण्याचं विचारा. तो खरं सांगतो.

नेहमीचे प्रश्न

इमारत तयार आहे, तरी महारेरा बघायचं? १ मे २०१७ च्या आधी पूर्णत्वाचा दाखला मिळालेल्या इमारती तिथे नसतील. इमारत नवी असो वा जुनी, भोगवटा प्रमाणपत्र मात्र मागाच.

बांधकामात दोष निघाला तर? ताब्यापासून ५ वर्षांत दाखवलेले संरचनात्मक आणि कामाच्या दर्जाचे दोष बिल्डरने स्वखर्चाने दुरुस्त करायचे असतात.

मंजूर नकाशात बिल्डर परस्पर बदल करू शकतो का? नाही. इमारतीच्या आराखड्यात मोठा बदल करायचा तर दोन तृतीयांश ग्राहकांची लेखी संमती लागते.

शेवटी

ही सगळी तपासणी १५-२० मिनिटांची आहे, तीही फुकट. आपल्या आई-बाबांच्या पिढीला हा कोड स्कॅन करायची सवय नाही आणि फ्लॅटमध्ये पैसे बऱ्याचदा त्यांचेच असतात. त्यामुळे हे काम आपलं. आम्ही अजून घर शोधतोय. पण आता बाबा साइटवर गेले की सेल्सवाल्याच्या आधी मलाच सांगतात, "तो कोड आधी काढ बरं."

घर शोधणारं कोणी ओळखीचं असेल तर हा लेख त्यांना व्हॉट्सअ‍ॅपवर नक्की पाठवा. टोकन देण्याआधी पाठवा!