शेलची शिदोरी

प्रस्तावना

एका अनुभवापासून सुरुवात करतो. डेटाबेसची रोज रात्री प्रत काढून ठेवणारी एक छोटी स्क्रिप्ट मी लिहिली होती. हाताने चालवली की ती बिनचूक काम करायची. ठरल्या वेळी आदेश चालवणाऱ्या क्रॉनकडे सोपवली की सकाळी लॉगमध्ये एकच तक्रार दिसायची: आदेश सापडला नाही. फाइल जागेवर होती, परवानग्या ठीक होत्या, स्क्रिप्टमधलं एक अक्षरही बदललेलं नव्हतं. दोन दिवस मी स्क्रिप्टच उलटसुलट वाचत राहिलो. तिसऱ्या दिवशी क्रॉनमधून नुसता ‘एन्व्ह’ हा आदेश चालवला आणि त्याचं उत्तर माझ्या टर्मिनलमधल्या उत्तराशेजारी ठेवलं. माझ्याकडे ‘पाथ’ या नावापुढे सहा-सात डिरेक्टरी होत्या. क्रॉनकडे ‘/यूएसआर/बिन’ आणि ‘/बिन’ या दोनच. मला हवा असलेला प्रोग्राम ‘/यूएसआर/लोकल/बिन’मध्ये होता. स्क्रिप्ट तीच होती, तिच्या भोवतालात फरक होता.

एन्व्हायर्नमेंट व्हेरिएबल हा विषय म्हणजे या भोवतालाचा अभ्यास. नाव जड असलं तरी वस्तू साधी आहे: ‘नाव=मूल्य’ अशा ओळींची एक यादी. युनिक्समध्ये नवी प्रोसेस सहसा दोन पावलांत उभी राहते. ‘फोर्क’ या कॉलने चालू प्रोसेसची प्रत निघते आणि ‘एक्झेकव्हीई’ या कॉलने त्या प्रतीत नवा प्रोग्राम येतो. या दुसऱ्या कॉलच्या हाती तीन गोष्टी द्याव्या लागतात: प्रोग्रामचा पत्ता, त्याची आर्ग्युमेंट्स आणि ही यादी. गावाहून निघालेल्या मुलाला शिदोरी बांधून द्यावी, तसंच हे. मुलाने वाटेत तिच्यात भर घातली तरी घरची चूल बदलत नाही, आणि तो निघाल्यावर घरात काही नवं शिजलं तरी ते त्याच्या गाठोड्यात जात नाही.

माझ्या मते हा एक नियम नीट उमगला की अर्धा विषय हाती येतो. स्क्रिप्टमध्ये ‘एक्सपोर्ट’ करून यादीत घातलेलं मूल्य ती संपल्यावर टर्मिनलमध्ये का दिसत नाही? कारण स्क्रिप्ट ही शेलची लेक, आणि शिदोरी उलटी परत येत नाही. मग तीच स्क्रिप्ट ‘सोर्स’ केली की मूल्य कसं टिकतं? कारण तेव्हा नवी प्रोसेस जन्मतच नाही. शेल स्वतः त्या ओळी वाचतो. ‘सीडी’ हा आदेश शेलच्या पोटातच का असावा लागतो? कारण चालू डिरेक्टरीही अशीच वारशाने मिळते. लेकीने आपली जागा बदलली म्हणून आई हलत नाही.

ही व्यवस्था १९७९ साली बेल लॅब्जमधून आलेल्या युनिक्सच्या सातव्या आवृत्तीत रुजली. स्टीफन बोर्न यांचा शेल त्याच आवृत्तीतला. ‘होम’, ‘पाथ’, ‘एक्सपोर्ट’ हे शब्द तेव्हापासून आजच्या बॅश आणि झेड शेलपर्यंत जवळजवळ जसेच्या तसे चालत आले आहेत. म्हणून इथे शिकलेलं सहसा वाया जात नाही.

प्रॉम्प्टची गोष्ट थोडी वेगळी आहे. ‘$’ हे चिन्ह दाखवून शेल तुमची वाट पाहतो. ते कसं दिसावं हे ‘पीएस१’ ठरवतो. अवतरणचिन्ह बंद करायचं राहून एंटर दाबलं की ‘>’ उमटतं. तो ‘पीएस२’. नवा विद्यार्थी इथे हमखास घाबरतो. घाबरू नका, शेल एवढंच म्हणतो आहे की वाक्य अपुरं आहे, पुढे बोला. शेवटी ‘#’ दिसलं तर मात्र हात आवरा, कारण परंपरेने ती रूटची खूण आहे. प्रॉम्प्ट लागतो तो शेललाच, म्हणून ‘पीएस१’ एक्सपोर्ट करण्याची गरज नसते. नुसतं शेल व्हेरिएबल आणि एन्व्हायर्नमेंट व्हेरिएबल यांतला भेद समजून घ्यायला याहून चांगलं उदाहरण मला सापडलेलं नाही. बॅशमध्ये प्रॉम्प्टला रंग देताना रंगाचे संकेत ‘\[’ आणि ‘\]’ यांच्यामध्ये ठेवा. नाहीतर शेल ती न दिसणारी अक्षरंही मोजतो आणि लांब आदेश टाइप करताना ओळ स्वतःवरच चढते.

एन्व्हायर्नमेंटच्या यादीत आपली भाषाही मावते. मराठीचं लोकेल बसवलेल्या लिनक्सवर ‘डेट’ या आदेशाआधी, त्याच ओळीत, ‘एलसी_ऑल’ला ‘एमआर_आयएन.यूटीएफ-८’ हे मूल्य द्या. वार आणि महिना मराठीत उमटतात. पुढच्या आदेशाला सगळं पूर्ववत असतं, कारण ती शिदोरी त्या एकाच आदेशापुरती होती.

शिदोरीत काय आहे हे न पाहता ती स्वीकारणं धोक्याचंही ठरतं. २०१४ च्या सप्टेंबरात उघड झालेला शेलशॉक हा दोष नेमका इथला. व्हेरिएबलमधून आलेली फंक्शनची व्याख्या वाचताना बॅश तिच्यामागे जोडलेला मजकूरही आदेश म्हणून चालवत असे. काही वेब सर्व्हर बाहेरून आलेल्या विनंतीतला मजकूर अशाच व्हेरिएबलमध्ये भरून पुढे देत, त्यामुळे परक्या माणसाला दुरूनच आपले आदेश चालवता येत. पासवर्ड या यादीत ठेवतानाही लक्षात असू द्या की तो पुढच्या लेकीबाळींपर्यंत आपसूक पोहोचतो.

या अभ्यासासाठी महागडं यंत्र लागत नाही, गणितही लागत नाही. टर्मिनल उघडा, ‘एन्व्ह’ लिहा आणि एंटर दाबा. पंचवीस-तीस ओळी समोर येतील. त्यांतली एकेक ओळ घ्या आणि एकच प्रश्न विचारा: ही कोणी बांधून दिली? लॉगिनने की टर्मिनलच्या खिडकीने, ‘.प्रोफाइल’ने की ‘.बॅशआरसी’ने? हा माग काढता यायला लागला, की रात्री न चाललेली स्क्रिप्टही तुम्हाला सकाळी कारण सांगेल.