बांडगूळ म्हणून फेकलेले फूल

यंदाच्या स्मरणिकेसाठी काही इतिहासाचे लिहा, असा आपल्या चिटणीसबाईंचा आग्रह झाला. राजेरजवाड्यांचा इतिहास मला येत नाही. येतो तो एका कुंडीचा. तेवढाच भगिनींनी गोड मानून घ्यावा.

माझे आजोळ नांदेडकडचे. तेथे मळ्यातल्या जुन्या आंब्यावर जाड, चिवट पानांचे एक झाड चिकटलेले असे. त्याची पांढुरकी मुळे सुतळीसारखी सालीवरून पसरलेली. फुले तपकिरी, चौकटी-चौकटींची, मध्ये किंचित जांभळी. आजी त्याला बांडगूळ म्हणे आणि दरवर्षी गड्याकडून काढवून टाकी. पुढे पुष्कळ वर्षांनी कळले की ते बांडगूळ नव्हतेच. खरे बांडगूळ फांदीच्या आत मूळ घुसवून तिचा रस पिते. हे बिचारे नुसते फांदीवर बसते, आणि पाऊस, दव व सालीवरचा पालापाचोळा यांवर गुजराण करते. ज्याला मराठीत आमरी आणि दुकानात ऑर्किड म्हणतात, त्यातलेच ते एक.

पण आजीला तरी काय म्हणावे? संस्कृतातही झाडावर वाढणाऱ्या अशा वनस्पतींना सरसकट ‘वंदा’ हाच शब्द. कलकत्त्याचे न्यायाधीश आणि संस्कृताचे अभ्यासक सर विल्यम जोन्स यांच्या टिपणांतून तो १७९५ साली छापला गेला. विल्यम रॉक्सबर्ग यांनी त्याच साली कोरोमंडलच्या वनस्पतींवरील ग्रंथात आमच्या आंब्यावरच्या जातीचे वर्णन दिले, आणि १८२० मध्ये लंडनला रॉबर्ट ब्राऊन यांनी वंदा हे नाव शास्त्रात पक्के केले. आज साऱ्या जगात या फुलांना वंदा म्हणतात. आमच्याकडे मात्र ती उकिरड्यावर!

आता माझी चूक सांगते. २०१४ साली सूनबाईंनी पुण्याहून जांभळ्या फुलांची एक आमरी आणली. डेंड्रोबियम जातीची, उसासारख्या बारीक कांड्यांची. लहानशा कुंडीत मातीचा कण नाही, नुसता कोळसा आणि नारळाची शेंडी. मला वाटले, विकणाऱ्याने फसविले. मी मोठ्या हौसेने मोठी कुंडी घेतली, शेतातली काळी माती आणि शेणखत भरले आणि रोज तांब्याभर पाणी घातले. दोन महिन्यांत झाड आडवे झाले. उपटून पाहिले तर मुळे भिजलेल्या कागदासारखी बोटात आली.

पुढे वाचनात आले तेव्हा जरा धीर आला. विलायतेतल्या बड्या बड्या माळ्यांनीही हेच केले होते. एकोणिसाव्या शतकाच्या आरंभी उष्ण देशांतून आमऱ्या जहाजांनी तिकडे जाऊ लागल्या. उष्ण देशचे झाड म्हणून त्यांना बंद काचघरात, कोंदट वाफेत ठेवीत. कित्येकांनी तर कुंडीत मातीच भरली. झाडे हजारांनी मेली. सर जोझेफ बँक्स यांनी वेताच्या हलक्या टोपलीत शेवाळ घालून ती टांगून पाहिली, आणि मुळाला हवा लागते हे ध्यानात येऊ लागले. पुढे चॅट्सवर्थ येथील माळी जोझेफ पॅक्स्टन यांनी १८३०नंतर काचघरात वारा खेळता ठेवला. पॅक्स्टन यांनीच जॉन गिब्सन या माळ्याला १८३५ मध्ये खासी टेकड्यांकडे धाडले होते. म्हणजे फुले आमच्याच देशातली. त्यांना जगवावयाचे कसे, हे शिकावयास मात्र त्या लोकांना कित्येक वर्षे लागली. मला एक झाड लागले.

खरी मेख मुळात आहे. या मुळाभोवती मृत पेशींचे एक पांढरे अस्तर असते. ते टिपकागदासारखे पाणी शोषते आणि ओले झाले की हिरवट दिसते. पुन्हा पांढरे झाले की वाळले, असे समजावे. काळी माती त्याला चहूकडून लिंपून टाकते. मग ते गुदमरून कुजते.

दुसरे झाड २०१५ च्या मृगात आणले. इस्त्रीवाल्याकडून लोणारी कोळसा घेतला, धुतला. फुटक्या कौलाचे तुकडे, थोडी शेंडी. कुजकी मुळे विस्तवावर धरलेल्या पात्याने कापली, झाड दोन दिवस सावलीत तसेच ठेवले आणि मग बेताच्या कुंडीत बसविले. कुंडी बदलावयाची ती नवी मुळे टोकाला हिरवी दिसू लागली म्हणजे. चैत्र-वैशाखात मुळीच नाही.

आणि २०१६ उजाडले. त्या वर्षीचे लातूर आपण सर्वजणी जाणताच. एप्रिलात मिरजेहून पाण्याची आगगाडी आली. घागरी-हंड्यांच्या रांगेत मी उभी होते, तेव्हा शेजारच्या काकू म्हणाल्या, “माणसाला प्यायला न्हाई, अन् तुम्ही फुलाला पाजताव?” मी काही बोलले नाही. बोलण्यासारखे नव्हतेच. त्या दिवसापासून त्याला वेगळे पाणी बंद केले आणि कुंडी मोरीवर टांगली. अंघोळीचे जे शिंतोडे उडतील तेवढेच त्याचे. मे महिन्यात सारी पाने गळाली. उरल्या चार सुरकुतलेल्या कांड्या. आमचे हे म्हणाले, “टाका आता.” मी टाकणार होतेही, पण आजीचा गडी आठवला आणि हात आवरला.

जूनच्या शेवटी एका कांडीच्या बुडाशी हरभऱ्याएवढा हिरवा कोंब दिसला. पाने नसलेली कांडी मेलेली नसते, तिच्यात पाणी व अन्न साठविलेले असते, हे मला तेव्हा कळले. फुले यावयास २०१७ ची दिवाळी उजाडली.

त्यानंतर झाड फार दाटले, तेव्हा मी त्याचे दोन भाग केले. चार कांड्यांचा एक भाग त्याच काकूंनी मागून नेला. कोळसा त्यांनी आपणच आणला होता, आणि धुतलासुद्धा भाजीच्या उरलेल्या पाण्यात.